चाळीसच्या वर नाही

नाना टिपणीसांबद्दल चांगलं बोलणारी माणसं पनवेलमध्ये अजूनही पुष्कळ सापडतील. कधी कुणावर आवाज चढवला नाही, दारू नाही, तंबाखू नाही, बायकोवर हात उगारला नाही, शेजाऱ्याचं वर्तमानपत्र वाचायला नेलं तर घडी घालून परत दिलं. हे सगळं खरं आहे. आमच्या दोन घरांमधली भिंत एकच होती, खोटं असतं तर मला कळलं असतं. तरीही नानांचं नाव निघालं की मी विषय बदलते. सभ्य माणसाची इतकी किळस येऊ शकते हे मला नानांनीच शिकवलं.

नाना भाताच्या गिरणीत हेडक्लार्क होते. गिरणीच्या शेठची एक फियाट होती, मोतिया रंगाची. शेठ आले की नाना धावत जाऊन तिचं दार उघडायचे आणि शेठ निघाले की हलक्या हाताने लावायचे. यात त्यांची निम्मी नोकरी गेली. ऐंशीचं दशक संपता संपता शेठनी नवी गाडी घेतली, तेव्हा नानांनी ती जुनी फियाट मागून घेतली. शेठनी ती फुकट दिली नाही हे सांगायला नकोच. पगारातून पैसे कापून घेतले आणि वर 'टिपणीस, तुमच्यासाठी म्हणून देतोय' असं ऐकवलं. ते वाक्य नानांनी गल्लीत घरोघरी जाऊन सांगितलं.

गाडी आली त्या पहिल्या रविवारी मी कपडे वाळत घालायला बाहेर आले, तर गाडी अंगणात उभी आणि नाना मागच्या सीटवर, डाव्या बाजूला, पायावर पाय टाकून वर्तमानपत्र वाचत बसलेले. शेठ बसायचे ती जागा. गाडी बंद, काचा वर, आत घाम गळतोय. मालतीवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, चहा आणला तो त्यांनी काच चार बोटं खाली करून आत घेतला. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

मग सुरू झालं ते इंजिनाचं. 'बाई, एक मिनिट कान द्या,' असं म्हणत नाना सकाळी सकाळी माझ्या दारात उभे राहायचे. मी शाळेत निघालेली, हातात छत्री आणि तपासलेल्या वह्या, आणि हे मला उघड्या बॉनेटपुढे नेऊन उभं करणार.

"टक् टक् ऐकू येतंय?"

"नाना, मी भूगोल शिकवते."

"म्हणूनच. तुमचे कान कोरे आहेत. गाडी बोलते बाई, ऐकणारा पाहिजे."

घरात मालतीवहिनी बोलायच्या, त्यांची मुलगी वैजू बोलायची. त्यांचं बोलणं मात्र नानांना चारचारदा सांगावं लागायचं.

त्यांच्या हाताकडे बघवत नसे. नखांत कायम काळं. ऑइलची पट्टी बाहेर काढायची, दोन बोटांत ऑइल चोळायचं, नाकाशी न्यायचं, डोळे मिटायचे. आणि वहिनींनी पोह्यांची बशी पुढे केली की त्याच बोटांनी वरचं खोबरं आधी उचलायचं. एकदा सिलिंडर हेड उघडलं होतं तेव्हा त्यांनी व्हॉल्व्ह घरी आणले आणि घरातल्या दुधाच्या पातेल्यात सोडा घालून उकळत ठेवले. वहिनी बाजारातून आल्या, तर स्टोव्हवर काळी फेसाळ आमटी रटरटतेय. "घासलं की निघतं," नाना म्हणाले. निघालं नाही. पातेलं टाकवेनाही, आणि नवं घ्यायला सांगितलं तेव्हा त्याच आठवड्यात वॉटर पंप गेला होता. पुढे कितीतरी दिवस वहिनी माझ्याकडे चहाला आल्या की कपातल्या दुधाकडे बघून म्हणायच्या, "तुमच्या दुधाला काही वास नाही हो."

गाडी दुरुस्तीला जायची ती पळस्पे फाट्याजवळ धर्मा मेस्त्रीकडे. पत्र्याची शेड, जमीन ऑइल पिऊन काळी कुळकुळीत, आणि मधोमध बनियनवर बसलेला हसरा धर्मा. त्याची कामाची रीत ठरलेली होती. आधी इंजिन उघडायचं, मग काय ते बोलायचं. एकदा इंजिन उघडून रॉकेलच्या परातीत पडलं की गाडी हलत नाही आणि गिऱ्हाईकही हलत नाही.

"नाना, आता उघरलंच हाय तं बेरिंगा पन बदलून टाकू. परत परत कोन उघरनार?"

"बरोबर आहे," नाना म्हणणार. "एकदा हे काम झालं की दहा वर्षं बघायला नको."

हे वाक्य मी रिंगांच्या वेळी ऐकलं, हेड गॅस्केटच्या वेळी ऐकलं, क्लच प्लेटच्या वेळी ऐकलं. दर वेळी तितक्याच समाधानाने. जुन्या गाडीवर पैसा घालणाऱ्या माणसाला मागचा पैसा दिसत नाही, फक्त पुढची दहा वर्षं दिसतात. धर्माला मी दोष देत नाही. त्याने नेऱ्याला जागा घेतली, मुलीचं लग्न मांडव घालून केलं, त्यात नानांचा हातभार मोठा असणार. पण तो दुकान मांडून बसलेला माणूस. त्याने कुणाचा हात धरून आत ओढलं नव्हतं.

एकदा नानांनी करंज्याला मासे आणायला जायचा बेत केला. गाडी असताना बाजारातली शिळी पापलेटं का खायची, थेट बोटीवरून घेऊ. बरोबर वहिनी, वैजू आणि वहिनींची सत्तरी ओलांडलेली आई. नानांनी मलाही बसवलं, कारण गाडी भरलेली दिसली पाहिजे. जाताना ठीक गेली. लिलावात नानांनी उगाच चढी बोली लावून भली मोठी सुरमई आणि टोपलीभर कोळंबी घेतली, बर्फ घालून डिकीत ठेवली. येताना चिरनेरच्या पुढे गाडीने वाफ सोडली. टळटळीत दुपार, आसपास घर नाही. आजींजवळ पिण्याच्या पाण्याचा एक फिरकीचा तांब्या होता.

"आई, तो तांब्या द्या."

"अहो, मला शोष पडलाय."

"आधी इंजिनला, मग माणसांना. इंजिन गेलं तर माणसं घरी कशी पोचणार?"

तांब्या रेडिएटरमध्ये रिकामा झाला. तो पुरला नाही, तेव्हा नानांनी डिकी उघडली आणि टोपलीखाली साचलेलं बर्फाचं पाणी, कोळंबीचं पाणी, गाळलं न गाळलं करत तेही ओतलं. आजी झाडाखाली ओठ चाटत बसल्या होत्या. शेवटी वैजू उठली, शेतातून आत कुठेतरी चालत गेली आणि एका घरातून कळशी मागून घेऊन आली. आजींना पाणी पाजून होईतो तिने कळशी बापाच्या हाती लागू दिली नाही. त्यानंतर महिना-दीड महिना ती गाडी तापली की आमच्या सगळ्या गल्लीत कुजक्या कोळंबीचा वास सुटायचा. नाना बॉनेटवर हात फिरवून म्हणायचे, "पण त्या दिवशी तिने आपल्याला घरी आणलं."

वैजू माझ्या शाळेतली. अबोल, पण मन घट्ट. वर्गात कुणाचं डोकं फुटलं, कुणाला फेफरं आलं, की बाकीच्या मुली किंचाळायच्या आणि ही शांतपणे ओढणी, रुमाल, जे मिळेल ते घेऊन जखम दाबून धरायची. तिला नर्स व्हायचं होतं. मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात शिकायचं, होस्टेलला राहायचं, पांढरी साडी नेसायची. बारावी झाल्यावर फॉर्म मीच आणला. होस्टेलची अनामत, पुस्तकं, कपडे यांची सोय वहिनींनी भिशीतून करून ठेवली होती. भिशीचा नंबर मे महिन्यात लागायचा होता.

आणि मे महिन्यातच गाडीने निळा धूर ओकायला सुरुवात केली. धर्माने इंजिन उघडलं आणि मान हलवली. "सिलिंडर खाल्लेत नाना. बोर कराला लागंल. क्रँक पन घासलाय." म्हणजे अख्खं इंजिन नवं करण्यासारखंच. वहिनींनी भिंतीपलीकडून मला हाक मारली तेव्हाच त्यांचा आवाज बसलेला होता. भिशी घरात आली ती तशीच पळस्प्याला गेली होती.

मी तडक नानांकडे गेले. ते स्पार्क प्लग घासत बसले होते.

"नाना, ते पैसे पोरीचे आहेत."

"आहेतच की. मी कुठे नाही म्हणतोय?"

"मग?"

"बाई, इंजिन उघडून पडलंय. ते तसं ठेवता येत नाही. गंज चढतो."

"आणि वैजू?"

नानांनी प्लगवर फुंकर मारली. "ती कुठे पळून चालली आहे?"

वैजू आतल्या दारात उभी होती. तिने ऐकलं आणि ती आत गेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण त्या माणसाशी भांडताही येत नसे. तो चिडतच नव्हता. अनामत मी भरायची असं वहिनींनी आणि मी ठरवलं आणि वैजूला सांगितलं, तू फक्त निवड होऊन ये. जूनमध्ये मुलाखतीचं बोलावणं आलं. सकाळी नऊला कागदपत्रांसह हजर राहायचं होतं. उशिरा येणाऱ्याचा विचार होणार नाही, असं खाली स्पष्ट छापलेलं होतं.

मी म्हटलं, पहाटेच्या एस्टीने मी तिला घेऊन जाते. नाना दुखावले. खरंच दुखावले, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

"घरात गाडी असताना माझी मुलगी एस्टीने जाणार? लोक काय म्हणतील? आणि आता तर इंजिन नवं आहे. हे काम कुणासाठी केलं मग?"

वैजूने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जाऊ दे बाई. लवकर निघू."

लवकर निघालोच नाही. आधी गाडी गरम करायला ठेवली. मग इंजिनात टाळी वाजल्यासारखा आवाज आला म्हणून नानांनी शेजारच्या मुलाला सायकलवर धर्माकडे पिटाळलं. धर्मा आला, कान लावला, "काय नाय, नवा हाय म्हून टाइट बोलतंय," म्हणाला, चहा प्याला आणि जाता जाता सांगून गेला, "रनिंग-इन हाय नाना. हजार किलोमीटर होयपर्यंत चालीसच्या वर न्यायची नाय. आनि तापली का उभी करायची." नानांनी ते देववाणीसारखं डोक्याला लावलं. मागच्या काचेवर त्यांनी आदल्या रात्री एक कागद चिकटवला होता, 'इंजिन नवीन आहे, कृपया पुढे जा.' अक्षर सुरेख होतं त्यांचं, हेडक्लार्कचं.

आम्ही निघालो तेव्हा शाळेतली सकाळची घंटा झाली होती. उरण नाका सोडला, मोठा रस्ता लागला, आणि काटा चाळीसवर येऊन थांबला. ट्रक पुढे गेले, टेम्पो पुढे गेले. ज्या एस्टीने गेलो असतो तर आम्ही वेळेवर पोचलो असतो, तीही मागून आली, हॉर्न देऊन पुढे गेली, आणि खिडकीतल्या बायका आमच्याकडे बघत गेल्या.

"बाबा, जरा जोरात," वैजू म्हणाली.

"चाळीसच्या वर नाही बाळा. मेस्त्रीने काय सांगितलं?"

कळंबोलीच्या पुढे त्यांनी गाडी कडेला घेतली. का, तर काटा गरमकडे सरकल्यासारखा वाटला. बॉनेट उघडून ते आणि इंजिन एकमेकांकडे बघत उभे राहिले. बेलापूरला पुन्हा तेच. मी खाली उतरून एका एस्टीला हात केला, ती थांबली नाही. वैजू कागदांची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. मी नानांना म्हटलं, आज एक दिवस पळवा, बिघडली तर मी पैसे देते. नाना इतके दचकले की जणू मी त्यांना कुणाचा जीव घ्यायला सांगत होते.

"बाई, शिकलेल्या तुम्ही. आत्ता पळवली तर आतून ओरखडे पडतात. ते जन्मभर भरून येत नाहीत."

पोरगी मागे बसलेली असताना तो माणूस हे बोलला! त्याला स्वतःला त्यात काहीही ऐकू आलं नाही.

खाडीपूल ओलांडून मानखुर्दला तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा मी वैजूला दंडाला धरून बाहेर काढलं आणि टॅक्सी केली. टॅक्सीवाल्याने जीव तोडून चालवली. हॉस्पिटलच्या त्या लांबलचक व्हरांड्यात पोचलो, तर बाकं रिकामी झाली होती. खिडकीतला कारकून वाईट नव्हता. त्याने यादीवर बोट ठेवून दाखवलं. "टिपणीस वैजयंती. दोनदा पुकारलं हो. मॅडम उठून गेल्या." मी हात जोडले, आत जाऊन भांडले, कुणा मेट्रनच्या दारात उभी राहिले. उपयोग झाला नाही. वैजू बाकावर बसून समोरून जाणाऱ्या शिकाऊ नर्सेसकडे बघत होती. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

अर्ध्या-पाऊण तासाने नाना आले. घाम पुसत, पण चेहरा फुललेला. आम्हाला बघितलं आणि काय झालं हे विचारण्याआधी म्हणाले, "बाई, मानखुर्दनंतर एकदाही तापली नाही! आता मोकळी झाली."

मी आणि वैजू एस्टीने परत आलो. नाना एकटे चाळीसने आले.

पुढच्या वर्षी मी पुन्हा फॉर्म भरायला लावला, तर मार्कांची अट वर गेली आणि बोलावणंच आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी फॉर्म घेऊन गेले, तेव्हा वैजू म्हणाली, "राहू द्या ना बाई." त्या वर्षी गिअरबॉक्स उघडलेला होता.

शेवटचे नाना मला दिसले ते त्यानंतर काही वर्षांनी. मी तोवर घर बदलून तलावापलीकडे राहायला गेले होते. पायात खिळा घुसला म्हणून टपाल नाक्यावरच्या एका डॉक्टरकडे गेले, तर आत वैजू. पांढरा कोट, केस घट्ट बांधलेले. पट्ट्या बांधायच्या, सुया उकळायच्या, इंजेक्शनं द्यायची, झाडूवाली आली नाही तर फरशीही पुसायची. ना शिक्षण, ना सर्टिफिकेट, ना धड पगार. पेशंट तिला 'सिस्टर, सिस्टर' करत होते आणि दर वेळी ती क्षणभर थांबून मग 'ओ' देत होती. माझ्या दंडात सुई कधी गेली ते मला कळलंसुद्धा नाही, इतका तिचा हात हलका होता.

दुपारी दवाखाना बंद झाला. आम्ही दोघी बरोबर बाहेर पडलो. समोर ती मोतिया फियाट उभी, आणि नाना, आता पार पिकलेले, काळ्या नखांचा हात खिडकीबाहेर काढून हसत होते.

"या बाई, बसा, सोडतो. बघितलंत ना? शेवटी झालीच की नाही आमची वैजू सिस्टर! तुम्ही त्या दिवशी उगाच जिवाला लावून घेतलंत." मग त्यांनी डॅशबोर्डवर थोपटलं. "आणि तुमचं ऐकून मी पळवली असती, तर आज हे इंजिन राहिलं असतं का?"

त्यांना टोमणा मारायचा नव्हता. तो माणूस मनापासून आनंदात होता.

वैजू गाडीपर्यंतही गेली नाही. "तुम्ही व्हा पुढे बाबा. मी चालत येते."

"अगं, ऊन किती आहे!"

"असू दे."

ती चालायला लागली. नानांनी गाडी पहिल्यात टाकली आणि तिच्या मागे मागे निघाले, डोकं बाहेर काढून, "बस ना गं वैजू, आता काही त्रास देत नाही ती." मागे रिक्षा तुंबल्या, एक टेम्पोवाला शिव्या द्यायला लागला, नानांनी त्याला हाताने 'पुढे जा' अशी खूण केली. वैजूने मागे वळून पाहिलं नाही आणि चालही वाढवली नाही. ती रोज अशीच घरी जात असणार, हे मला तेव्हा समजलं.

मी जन्मभर मुलांना रस्त्यात थुंकू नका म्हणून सांगत आले. त्या दिवशी भर नाक्यावर मी थुंकले. मग पदराने तोंड पुसलं आणि दुखऱ्या पायाने वैजूला गाठायला निघाले. गाडीच्या पुढे जायला मला काही वेळ लागला नाही.